बॅटमॅनचे 120 भाग घरी यायला 46 वर्षं का लागली

अ‍ॅडम वेस्ट आणि बर्ट वॉर्ड यांची, म्हणजे बॅटमॅन आणि त्याचा साथीदार रॉबिन झालेल्या नटांची, बॅटमॅन मालिका अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 12 जानेवारी 1966 रोजी सुरू झाली आणि 14 मार्च 1968 रोजी संपली. तीन हंगाम, 120 भाग. ती विकत घेऊन घरच्या कपाटात ठेवता आली 11 नोव्हेंबर 2014 रोजी, वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रे आणि डीव्हीडीचा सेट काढला तेव्हा. मधल्या काळात व्हीएचएस कॅसेट आली आणि गेली, लेझरडिस्क आली आणि गेली, डीव्हीडीचा बहरही ओसरला. कोणाच्या फारशा लक्षात नसलेल्या मालिकांचे सेट दुकानांत लागले. जिचं शीर्षकगीत अमेरिकेत पोराटोरांनाही ठाऊक, ती मालिका मात्र मिळत नव्हती.

मागणी नव्हती म्हणावं तर चाहते वर्षानुवर्षं विचारत होते. मूळ फिल्म हरवली म्हणावं तर भाग पुन्हा पुन्हा दाखवले जात होते. घोडं अडलं होतं ते हक्कांच्या वाटणीत. ती वाटणी कशी झाली हे समजून घेण्यासारखं आहेच, पण मला त्याहून जास्त ओढ आहे ती सेट हातात पडल्यावर चाहत्यांनी केलेल्या चर्चेची. किंमत, रंग, गळालेले तुकडे यांवरचे ते वाद वरवर किरकोळ दिसतात. ही मालिका चांगली का आहे याचं सर्वांत नेमकं उत्तर मात्र त्या वादांतच सापडतं.

गंभीर चेहऱ्याने केलेला भडकपणा

निर्माते विल्यम डोझियर यांनी सुरुवातीलाच एक निर्णय घेतला. सगळं इतक्या गांभीर्याने करायचं, की मुलांना ते खरं वाटावं आणि मोठ्यांना हसू यावं. पहिल्या भागाची संहिता लॉरेन्झो सेम्पल ज्युनियर यांनी याच सुरात लिहिली. मागे ध्वनिमुद्रित हशा नाही, कोणी कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारत नाही. अ‍ॅडम वेस्ट रॉबिनला रस्ता ओलांडण्याचे नियम समजावतात ते एखाद्या न्यायाधीशाच्या आवाजात. निवेदन स्वतः डोझियर करत आणि तेही तितक्याच आवेशाने. 1966 च्या एमी पुरस्कारांत या मालिकेला विनोदी मालिका म्हणून नामांकन मिळालं. लेखिका सुसान सोन्टाग यांचा 'कॅम्प', म्हणजे अतिरेकी, भडक गोष्टींची मजा घेणाऱ्या अभिरुचीवरचा निबंध 1964 मध्ये आला होता आणि तो शब्द तेव्हा चर्चेत होताच. मालिकेला तो लगेच चिकटला, आजही चिकटलेला आहे.

या शैलीत दिग्दर्शकाची मेहनत चौकटीच्या कानाकोपऱ्यात सांडलेली असते. खलनायकांच्या अड्ड्यावर कॅमेरा मुद्दाम तिरपा, कारण तिथली माणसं वाकडी. बॅटमॅनच्या गुप्त गुहेतल्या प्रत्येक यंत्रावर पाटी. गॉथम शहराचा दिव्यांनी उजळणारा नकाशा भिंतीवर आहे आणि त्याच्यावरही 'गॉथम शहराचा दिव्यांनी उजळणारा भलामोठा नकाशा' अशा अर्थाची पाटी आहे. मारामारीत प्रत्येक ठोशाला पडद्यावर अक्षरं उमटतात. पहिल्या हंगामात ती चालू दृश्यावरच चढवलेली असत. पुढे खर्च वाचवायला रंगीत पाटी मध्येच दाखवून काम भागवलं गेलं. लक्ष देऊन पाहणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. ठोसा आणि अक्षर एकाच चौकटीत असताना जी गंमत येते, ती पाटी वेगळी आली की निम्मी उरते.

पहिल्या दोन हंगामांत मालिका आठवड्यातून दोनदा असे, बुधवारी आणि गुरुवारी. बुधवारचा भाग दोघे नायक कुठल्यातरी भयंकर सापळ्यात अडकलेले असताना संपायचा. निवेदक प्रश्नांची सरबत्ती करायचा आणि उद्या याच वेळी, याच वाहिनीवर भेटायला सांगायचा. तिसऱ्या हंगामात आठवड्याला एकच भाग राहिला. तेव्हा भागाच्या शेवटी पुढच्या आठवड्याच्या खलनायकाची झलक जोडली जाऊ लागली. या शेपटांचा मुद्दा पुढे मोठा होणार आहे.

1965 चा करार

बॅटमॅन हे पात्र तेव्हा नॅशनल पीरिऑडिकल पब्लिकेशन्स या कंपनीचं होतं. तीच आजची डीसी कॉमिक्स. 1965 मध्ये तिने एबीसीला मालिका काढण्याचा परवाना दिला. एबीसीने तो पुढे ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स टेलिव्हिजन आणि डोझियर यांच्या ग्रीनवे प्रॉडक्शन्सकडे सोपवला. स्पष्टपणे न दिलेले सगळे हक्क, त्यात खेळणी आणि इतर वस्तूंच्या विक्रीचेही, डीसीने स्वतःकडे ठेवले. हे सगळं पुढे एका खटल्याच्या निकालपत्रात नोंदलं गेलं आहे, म्हणून ते नुसत्या ऐकीव गप्पांवर सोडायची गरज नाही.

गावाकडे एखाद्या सातबाऱ्यावर जमीन एका भावाच्या नावे, विहिरीत दुसऱ्याचा हिस्सा आणि जायची वाट तिसऱ्याच्या बांधावरून असली, तर पीक निघत राहतं पण जमीन विकता येत नाही. इथे तेच झालं. चित्रित केलेली फिल्म फॉक्सची. पडद्यावर दिसणारी पात्रं, त्यांचे पोशाख, चिन्ह हे सगळं डीसीचं. पुनर्प्रसारणाची वाट करारात मोकळी होती, म्हणून भाग वाहिन्यांवर चालू राहिले. पण भाग डब्यात भरून, वर बॅटमॅनचं चित्र छापून दुकानात विकणं ही वेगळी गोष्ट, आणि त्यासाठी दोन्हीकडची सही हवी.

1965 मध्ये याचा विचार कोणी केला नाही यात नवल नाही. सोनीचं बीटामॅक्स यंत्र 1975 मध्ये आणि जेव्हीसीचं व्हीएचएस 1976 मध्ये बाजारात आलं. मालिका घरी नेऊन पाहता येईल अशी कल्पना करारावर सही करणाऱ्यांच्या गावीही नव्हती. जुन्या करारातल्या 'टेलिव्हिजन' या शब्दात घरगुती व्हिडिओ धरायचा का, यावर अमेरिकेत बरीच भांडणं झाली. 1988 मध्ये नवव्या सर्किटच्या (म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) संघीय अपील न्यायालयाने पॅरामाउंटविरुद्धच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की टेलिव्हिजनवर दाखवण्याच्या परवान्यात व्हिडिओकॅसेट येत नाही. ते प्रकरण एका गाण्याच्या वापराचं होतं. पण तेव्हापासून कुठलीही कंपनी जुना करार दाखवून निर्धास्तपणे कॅसेट काढू शकत नव्हती.

त्यात मालकी हलली. नॅशनल पीरिऑडिकल 1967 मध्ये किनी नॅशनल या कंपनीने घेतली आणि त्याच किनीने 1969 मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ घेतला. परवाना देताना डीसी ही चित्रकथांची कंपनी होती. चारच वर्षांत ती फॉक्सच्या थेट प्रतिस्पर्ध्याच्या घरात जाऊन बसली. आता फॉक्सला स्वतःच्या मालिकेचा सेट काढायचा तर वॉर्नरला वाटा द्यायचा आणि वॉर्नरला काढायचा तर फॉक्सला. दोन बलाढ्य कंपन्या, दोघींकडे इतर भरपूर माल. घाई कोणालाच नव्हती, म्हणून प्रकरण भिजत पडलं.

चाहत्यांचे तर्क

खुलासा कोणी करत नव्हतं, तेव्हा चाहत्यांनी आपापले तर्क लढवले. त्यातले काही आजही सांगितले जातात, म्हणून ते तपासून घेऊ.

एक तर्क खिडक्यांचा. बॅटमॅन आणि रॉबिन दोरीने इमारत चढतात तेव्हा मध्येच एक खिडकी उघडते आणि एखादा प्रसिद्ध चेहरा डोकावून दोन वाक्यं बोलतो. चित्रण साधं होतं. दोघे आडव्या सपाटीवर वाकून चालायचे, कॅमेरा आडवा धरलेला असायचा आणि पाठीवरचे कापड तारेने मागे ओढलेलं असायचं. पहिल्या खिडकीतून जेरी लुईस डोकावले. पुढे सॅमी डेव्हिस ज्युनियर आले, एडवर्ड जी. रॉबिन्सन आले. काही खिडक्यांतून तर दुसऱ्या मालिकांमधली पात्रंच बाहेर आली. ब्रूस ली काटोच्या वेशात, टेड कॅसिडी लर्चच्या आणि वर्नर क्लेम्पेरर कर्नल क्लिंकच्या. या सगळ्यांची वेगळी परवानगी लागेल, म्हणून सेट अडला असं म्हटलं जाई. एखाद्या मिनिटाच्या दृश्यासाठी तिसऱ्याच कंपनीशी बोलावं लागणं शक्य आहे. त्यासाठी 120 भाग इतकी वर्षं अडले असतील, हे मला पटत नाही.

दुसरा तर्क संगीताचा. शीर्षकधून नील हेफ्टी यांची, भागांचं संगीत बहुतांशी नेल्सन रिडल यांचं. 'द वंडर इयर्स'सारख्या मालिका बाजारातली गाणी वापरल्यामुळे खरोखरच वर्षानुवर्षं अडकल्या होत्या. बॅटमॅनचं संगीत मुख्यतः मालिकेसाठीच रचलेलं असल्याने ती अडचण इथे तितकी मोठी नव्हती.

तिसरा गाडीचा. जॉर्ज बॅरिस यांनी 1955 च्या लिंकन फ्युच्युरा या प्रदर्शनासाठी बनवलेल्या मोटारीवरून बॅटमोबील घडवली आणि ती अनेक दशकं स्वतःकडेच ठेवली. जानेवारी 2013 मध्ये ती लिलावात 42 लाख डॉलरांच्या बोलीवर गेली. त्या गाडीचं रूप नक्की कोणाचं, हा प्रश्न खराच होता आणि त्याचा निकाल पुढे लागला.

आणि चौथा, सर्वांत भावनिक तर्क: वॉर्नरला या मालिकेची लाज वाटते. याला आधार नाही असं म्हणता येणार नाही. निर्माते मायकेल उस्लान यांनी 1979 मध्ये बॅटमॅनचे चित्रपटहक्क मिळवले, तेच मुळी ही हसरी प्रतिमा पुसून काळोखातला गंभीर बॅटमॅन परत आणायच्या निश्चयाने. तसं त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. 1989 चा चित्रपट त्यातूनच आला. 2005 नंतरच्या चित्रपटांनी तर हा नायक पुरता गंभीर केला. ज्या कंपनीचा सगळा पैसा गंभीर बॅटमॅनवर लागला आहे, ती ठोशावर रंगीत अक्षरं उमटवणारा बॅटमॅन दुकानात पुढे मांडायला उतावीळ नसणार. लाजेमुळे सेट अडला असं माझं मत नाही, तो करारामुळेच अडला. पण करार सोडवायला जी निकड लागते, ती या लाजेने पुढे ढकलली असावी.

करार हेच कारण असल्याची एक खूण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. पहिल्या आणि दुसऱ्या हंगामाच्या मध्ये, 1966 च्या उन्हाळ्यात, याच नटांना घेऊन फॉक्सने बॅटमॅनचा चित्रपट काढला. तो फॉक्सने 2001 मध्ये डीव्हीडीवर आणि 2008 मध्ये ब्लू-रेवर आणलाही. तोच नायक, तोच पोशाख, तीच गाडी. चित्रपट मिळतो आणि मालिका मिळत नाही, याला कागदाखेरीज दुसरं कारण उरत नाही.

टीव्हीवरून उतरवलेल्या कॅसेट

अधिकृत सेट नव्हता तेव्हा लोकांनी टीव्हीवरून रेकॉर्डिंग केलं. मूळ भाग साधारण 25 मिनिटांचा. पुनर्प्रसारणात जाहिरातींना जास्त जागा हवी, म्हणून भाग कापले जात. कापताना कात्री कुठे चालते? कथानकाला धक्का न लागता जे निघतं तिथे. म्हणजे निवेदकाचं आधीच्या भागाचं सार, खिडकीतला पाहुणा, शेवटची झलक, पोलीस कमिशनर गॉर्डन यांच्या कचेरीतला उगाच लांबलेला संवाद.

पण या मालिकेत कथानक हे निमित्त असतं. चोर कोण हे पहिल्याच मिनिटाला ठरलेलं असतं. गंमत असते ती गॉर्डन आणि चीफ ओ'हारा एकमेकांकडे हताशपणे पाहून बॅटमॅनला बोलावायच्या लाल फोनकडे वळतात त्यात. शहराचं अख्खं पोलीस खातं दर आठवड्याला तितक्याच प्रामाणिकपणे हात टेकतं. ते लांबलं तरच हसू येतं. कापलेल्या भागात गोष्ट उरते आणि विनोद जातो. ज्यांनी ही मालिका फक्त दुपारच्या पुनर्प्रसारणात पाहिली, त्यांना ती निव्वळ पोरकट वाटली तर त्यात त्यांचा दोष नाही.

म्हणून हौशी लोक वेगवेगळ्या वाहिन्यांवरची रेकॉर्डिंगं एकमेकांत अदलाबदल करत. एकीकडे कापलेलं दुसरीकडे सापडे. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की चित्र आणखी फिकं होई, लाल रंग पसरे, पण भाग पुरा असला की तो जपला जाई. मेळाव्यांत बेकायदा डीव्हीडी संचही विकले जात. कायद्याच्या दृष्टीने ते चूकच. तरीही कुठल्या भागात काय असायला हवं याची तपशीलवार जाण टिकली ती याच लोकांमुळे, आणि पुढे ती उपयोगी पडली.

गाठ सुटते

हालचाल दिसली ती 2012 मध्ये, खेळण्यांच्या बाजूने. वॉर्नरच्या वस्तुविक्री विभागाने फॉक्सशी करार करून या मालिकेवर आधारित वस्तूंचा परवाना मिळवला. 2013 मध्ये मॅटेलच्या बाहुल्या आल्या, त्यांवर अ‍ॅडम वेस्ट यांचा चेहरा होता. डीसीने याच मालिकेच्या सुरातली नवी चित्रकथाही सुरू केली. चाहत्यांनी लगेच ओळखलं, की दोन्ही कंपन्या एका टेबलावर बसल्या आहेत. मालिका विकत मिळत नसताना तिची खेळणी विकण्यात काय हशील?

जानेवारी 2014 मध्ये टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे सूत्रधार कोनन ओब्रायन यांनी ट्विटरवर जाहीर केलं, की वॉर्नर या वर्षी संपूर्ण मालिकेचा सेट काढणार आहे. ओब्रायन यांचा कार्यक्रम ज्या वाहिनीवर चाले ती वॉर्नर ब्रदर्सची मालक असलेल्या टाइम वॉर्नरचीच, म्हणून बातमीवर विश्वास बसला. तपशील जुलैमध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात बाहेर आले.

या घोषणेनंतर 28 मार्च 2014 रोजी लॉरेन्झो सेम्पल ज्युनियर वारले. मालिकेचा सूर ज्यांनी कागदावर पहिल्यांदा उतरवला, त्यांच्या हातात सेट पडला नाही. उशिराची खरी किंमत इथे दिसते. डोझियर 1991 मध्ये, जोकर झालेले सीझर रोमेरो 1994 मध्ये, पेंग्विन झालेले बर्जेस मेरेडिथ 1997 मध्ये, रिडलर झालेले फ्रँक गोर्शिन 2005 मध्ये, कॅटवुमन झालेल्या अर्था किट 2008 मध्ये गेल्या. डीव्हीडीच्या भरात हा सेट निघाला असता तर गोर्शिन आणि किट यांना बोलावून भागांवर त्यांचं भाष्य मुद्रित करता आलं असतं. ती संधी परत येणार नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलतं ते हेच.

पेटी उघडल्यावर

ब्लू-रेचा सेट 13 डिस्कचा होता. सोबत हॉट व्हील्सची छोटी बॅटमोबील, 44 चित्रपत्ते, अ‍ॅडम वेस्ट यांच्या छायाचित्रांची चोपडी आणि भागांची मार्गदर्शिका. छापील किंमत जवळजवळ 270 डॉलर. डीव्हीडीचा पूर्ण सेट 200 डॉलरच्या आसपास. पहिला हंगाम डीव्हीडीवर सुटा मिळत होता, बाकीचे पुढे येणार होते. ब्लू-रेवर मात्र घ्यायचं तर सगळं, नाही तर काहीच नाही.

वादाला तोंड फुटलं ते इथेच. इतकी वर्षं थांबलेला माणूस पैसे देणारच, हे ओळखून किंमत लावली आहे, असं एका बाजूचं म्हणणं. 120 भाग, फिल्मवरून नव्याने केलेली उच्च दर्जाची प्रत, भागामागे सव्वादोन डॉलर म्हणजे महाग नाही, असं दुसऱ्या बाजूचं. मला पहिल्या बाजूचा एक मुद्दा पूर्ण पटतो: खेळणं नको असलेल्या माणसाला ब्लू-रेचा साधा सेट पहिल्याच दिवशी मिळायला हवा होता. तो स्वस्तातला सेट पुढे आला, पण तोवर निष्ठावान गिऱ्हाइकाने गाडीचेही पैसे मोजले होते.

चित्राबद्दल मात्र बहुतेकांचं एकमत झालं. मालिका 35 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली होती आणि तिच्यातला रंग टीव्हीवर कधी पुरता पोहोचलाच नव्हता. रिडलरचा हिरवा, जोकरचा जांभळट गुलाबी, रॉबिनच्या पाठीवरचा पिवळा, हे सगळे रंग आता ठसठशीत उभे राहिले. चौकट मूळच्या प्रमाणातच ठेवली, रुंद पडद्यासाठी वरखाली कापली नाही. गुहेतल्या पाट्या वाचता येऊ लागल्या, आणि त्या पाट्या म्हणजे विनोदाचाच भाग असल्याने ही सुधारणा केवळ तांत्रिक नाही.

स्वच्छ प्रतीने लपलेल्या गोष्टीही उघड्या पाडल्या. सीझर रोमेरो यांनी जोकरसाठी मिशी काढायला नकार दिला होता, म्हणून रंगभूषाकाराने तिच्यावरूनच पांढरा रंग थापला. जुन्या टीव्हीवर ती जेमतेम कळायची. ब्लू-रेवर केसन् केस दिसतो. मारामारीत नटांच्या जागी आलेले साहसवीर चेहऱ्यानिशी ओळखू येतात. तिसऱ्या हंगामात पैशांची चणचण स्पष्ट होते, काही अड्डे म्हणजे काळ्या पार्श्वभूमीपुढे मांडलेल्या चार वस्तू. यामुळे मजा गेली असं काहींना वाटलं. माझं मत उलट आहे. जो विनोद भडकपणा लपवत नाही, त्याला स्वच्छ चित्राने काही बाधा होत नाही. जोकरच्या पांढऱ्या रंगाखालची मिशी पाहताना रोमेरो यांचा आब आणि पात्राचा वेडेपणा एकाच वेळी दिसतात, आणि दोन्ही खरे आहेत.

गंभीर तक्रार निघाली ती वेगळीच. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट होत्या त्यांनी भाग समोरासमोर लावून पाहिले, तेव्हा काही ठिकाणी छोटे तुकडे, त्यांत शेवटच्या झलकाही, गळाल्याचं लक्षात आलं. बाकी कोणाला ते कळलंही नसतं. चाहत्यांनी याद्या केल्या, कंपनीला कळवलं आणि वॉर्नरने बदली डिस्क देण्याची व्यवस्था केली.

दोन-चार तुकड्यांसाठी एवढा गवगवा कशाला, असं तेव्हाही काहींनी विचारलं. उत्तर मालिकेच्या घडणीत आहे. पुढच्या आठवड्याची झलक ही इथे जाहिरात नसते, तो त्या भागाचा शेवटचा विनोद असतो. आत्ताच एक संकट निवारून दोघे निवांत झालेले असतात, तोच नवा खलनायक हजर होतो आणि गॉथमचं चक्र पुन्हा फिरू लागतं. हा तुकडा नसला तर भाग सुखान्त संपतो. असला तर कधीच संपत नाही, आणि या मालिकेचा स्वभाव न संपण्याचा आहे. ज्या सेटवर 'संपूर्ण' असं छापलं आहे, त्यात तो असायलाच हवा. खेळण्याच्या गाडीवर खर्च करताना एखाद्या जाणकार चाहत्याला भाग आधी दाखवले असते, तर बदली डिस्क छापायची वेळ आली नसती.

त्यानंतर

गाडीचा निकाल सप्टेंबर 2015 मध्ये लागला. बॅटमोबीलच्या हुबेहूब प्रती बनवून विकणाऱ्या एका गॅरेजमालकाविरुद्ध डीसीने केलेल्या दाव्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ठरवलं, की बॅटमोबील हे स्वतंत्र पात्र आहे आणि त्याचा हक्क डीसीचा आहे, मग मालिकेतलं तिचं रूप दुसऱ्या कोणी घडवलेलं का असेना. 1965 च्या कराराची सविस्तर नोंद याच निकालपत्रात आहे. न्यायाधीशांनी त्यात मालिकेतल्या बॅटमॅनचंच एक वाक्य उद्धृत केलं: सुव्यवस्थित समाजात खासगी मालमत्तेचं रक्षण आवश्यक असतं. अ‍ॅडम वेस्ट हे वाक्य म्हणाले तेव्हा ते हसवण्यासाठी लिहिलेलं होतं. त्या गंभीर चेहऱ्याची ताकद एवढी, की ते न्यायालयातही शोभलं.

गंमत म्हणजे मालिकेचा पहिलावहिला भागही एका दाव्याभोवतीच फिरतो. रिडलर बॅटमॅनला फसवून स्वतःला चुकीची अटक करायला लावतो आणि दहा लाख डॉलरांचा दावा ठोकतो. खरी पंचाईत पैशांची नसते. साक्षीला उभं राहायचं तर खरं नाव सांगावं लागेल, ही असते.

सेट निघाल्यामुळे पुढचीही दारं उघडली. 2016 मध्ये अ‍ॅडम वेस्ट, बर्ट वॉर्ड आणि किट यांच्या आधी कॅटवुमन झालेल्या ज्युली न्यूमार यांच्या आवाजात या मालिकेच्या जगातला अ‍ॅनिमेशनपट आला. दुसरा 2017 च्या शरदात आला, तोवर वेस्ट गेले होते. 9 जून 2017 रोजी वयाच्या 88 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. पण 2014 च्या सेटमधल्या माहितीपटात ते स्वतः आहेत, मनमोकळं बोलताना. ज्या भूमिकेमुळे त्यांना नंतर कामं मिळेनाशी झाली, तिच्याबद्दल त्यांनी कडवटपणा ठेवला नाही, हे तिथे त्यांच्याच तोंडून ऐकता येतं.

मालकी अजूनही दुभागलेली आहे. 2019 मध्ये डिस्नेने फॉक्सचा चित्रपट आणि टीव्हीचा कारभार घेतला, म्हणजे वॉर्नरच्या समोरची खुर्ची आता डिस्नेची झाली. आणि 1966 चा चित्रपट 2014 च्या 'संपूर्ण' सेटमध्ये नव्हताच. तो फॉक्सचा, म्हणून त्याची फॉक्सने काढलेली डिस्क वेगळी घ्यावी लागते. पहिला आणि दुसरा हंगाम यांच्यामध्ये तो पाहायचा असेल, तर एका कंपनीची डिस्क काढून दुसरीची घालायची. बॅटबोट आणि बॅटकॉप्टर ही वाहनं मुळात त्या चित्रपटासाठी बनली आणि दुसऱ्या हंगामात तीच दृश्यं पुन्हा वापरली गेली, तेव्हा क्रम चुकवू नये एवढंच नव्याने पाहणाऱ्याला सांगेन.